विजेची तीन मिनिटं

रुपरावांच्या मते जगात काच एकच. मग ती कंदिलाची असो, चष्म्याची असो, नाहीतर सुमतीबाईंच्या प्रयोगाची असो. काच पुसायची एक रीत असते, ती आली की आली, आणि रुपरावांना ती सातव्या वर्षापासून येत होती. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट म्हणून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत आपल्या हातून किती काचा फुटल्या ते ते बोटांवर सांगू शकत. दुसऱ्यांच्या हातून किती फुटल्या तेही सांगत, आणि ते जरा जास्त आवडीनं सांगत.

सुमतीबाई डबीर त्याच विभागात शिकवायच्या. वय छत्तीस, सकाळी दोन तास वर्गावर, उरलेला दिवस प्रयोगावर. पाच वर्षं हे चाललं होतं. बाईंचं घर नाग नदीच्या काठी होतं. नदी म्हणायची ती आपली जुनी सवय, एरवी तिच्यातून शहराची सगळी घाणच वाहायची. त्या घाणीतून सडक्या अंड्यासारखा वास सुटे आणि घरात देवाची चांदीची भांडी आठ दिवसांत काळी पडत. बाईंच्या सासूबाई, यमुताई, दर गुरुवारी ती घासत बसत आणि नदीला नावं ठेवत. बाईंनी नावं ठेवली नाहीत, त्यांनी त्या वायूवरच पीएच.डी. करायला घेतली. विजेनं हा वायू फोडता येतो का, एवढाच प्रश्न. त्यांचे मार्गदर्शक शरच्चंद्र घाटेसर म्हणायचे, जमलं तर गटाराच्या प्रत्येक पंपघरावर अशी एकेक पेटी बसवू. खाली उतरणारी माणसं तरी मरायची नाहीत.

प्रयोग बघायला साधा होता. हातभर लांबीची काचेची नळी, तिच्या मधोमध ताणलेली तार, बाहेरून जाळीचं वेष्टन. सीताबर्डीवरच्या एका दुकानाच्या निऑन पाटीचा जुना ट्रान्सफॉर्मर बाईंनी मिळवला होता, त्यातून दहा हजार व्होल्ट तारेत जायचे. खिडक्या लावून कळ दाबली की नळीत जांभळा उजेड पसरे आणि बारीक सूं असा आवाज येई. वायू हवेत मिसळून नळीच्या एका टोकानं आत जाई. दुसऱ्या टोकाशी एक मोठी बाटली होती. तिच्यातलं पाणी खाली थेंबथेंब गळे आणि तेवढी हवा नळीतून ओढली जाई. मध्ये लेड अॅसिटेटच्या पाण्यात भिजवलेला पांढरा कागद. वायू शाबूत बाहेर आला की कागद काळा पडायचा. नुसता वायू सोडला तर सहा मिनिटांत पडायचा. वीज लावली तर चोवीस मिनिटं लागत.

सहाचे चोवीस. हा आकडा घाटेसरांना इतका आवडे, की ते कोणी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी तो आकडा देत.

आता नळी पुसण्याबद्दल. पहिल्या वर्षी रुपरावांनी ती पाण्यानं धुतली होती. एक थेंब आत राहिला, ठिणगी उडाली आणि नळी तडकली. नवी मिळायला दोन महिने लागले. तेव्हा बाईंनी बजावलं, "रुपराव, यापुढे नळीला पाण्याचा थेंबही लागता कामा नये." रुपरावांना हे पटलं. कंदिलाची काच तरी कोण पाण्यानं धुतं? दुसऱ्या दिवशी ते घरून डालड्याच्या डब्यात गोवरीची राख घेऊन आले. पंचफुलानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ती जुन्या लुगड्यातून गाळून दिली होती. काठीला फडकं गुंडाळायचं, राखेत बुडवायचं, नळीत फिरवायचं, मग कोऱ्या फडक्यानं पुसून घ्यायचं. नळी अशी चमकायची की बघत राहावं.

बाईंनी एकदा विचारलंही होतं, "कशानं पुसता हो? इतकी छान निघते."

"कोरड्या फडक्यानं, बाई," रुपराव म्हणाले.

ते खोटं बोलले नाहीत. वरणात काय घातलं असं विचारलं तर मीठ घातलं असं कोणी सांगत नाही, तसंच ते होतं.

पुसायची वेळही ठरलेली होती. वीज लावली की नळीत गंधकाचा पिवळा थर धरायचा, आणि त्या थरावरून ठिणगी पळायची. म्हणून वीज लावण्याआधी नळी लख्ख हवी. नुसत्या वायूला त्याची गरज नव्हती. तेव्हा सकाळी बाई आदल्या दिवशीच्याच नळीतून नुसता वायू सोडून बघत, मग रुपराव नळी पुसत, आणि मग वीज लागे. पाच वर्षांत या क्रमात एक दिवस बदल झाला नाही. बाईंना शिस्त प्रिय होती आणि रुपरावांना बाईंची शिस्त.

त्या वर्षी दिवाळीनंतर प्रबंध टायपिंगला गेला. घाटेसर मार्चमध्ये निवृत्त होणार होते, त्याआधी तो विद्यापीठात जायला हवा होता. सर गेले की बाईंना नवा मार्गदर्शक शोधावा लागणार, आणि या विषयातला दुसरा माणूस नागपुरात नव्हता. राहिले होते ते शेवटचे थोडे आकडे. त्याच सुमाराला रुपराव पुतण्याच्या लग्नाला दहा दिवस गावी गेले. परत आले तर बाईंचा चेहरा उतरलेला.

"रुपराव, तुम्ही नव्हता तर नऊ मिनिटांच्या वर जाईचना," बाई म्हणाल्या. "ट्रान्सफॉर्मर तपासला, तार बदलली. काही कळत नाही."

"नळी कोनं पुसली?"

"शेजारच्या विभागातला एकजण यायचा. स्पिरिटनं पुसायचा."

रुपराव गालात हसले. त्यांनी डबा काढला, नळी पुसली, आणि कागद पुन्हा चोवीस मिनिटांनी काळा पडला. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. घाटेसर म्हणाले, "रुपराव, वीज तुमच्या हाताला ओळखते बरं का." रुपराव वरवर लाजले. पण घरी गेल्यावर पंचफुलाला त्यांनी ते वाक्य दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यात थोडी भर घातली. आता हातच तसा आहे म्हटल्यावर कोणी पुढे शोधायला जात नाही. इथंच सगळे फसले, शिकलेले आणि न शिकलेले.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी बाईंना अकराच्या तासाला जायचं होतं. नळी पुसून जोडून झाली होती, वायू सुरू झाला होता, वीज लागली होती. "कागद काळा पडला की वेळ लिहून ठेवा," असं सांगून बाई वर्गावर गेल्या.

त्या गेल्या आणि लाइन गेली. नळीतला जांभळा उजेड विझला, सूं आवाज बंद झाला. सुरू होऊन एक मिनिटही झालं नव्हतं. रुपरावांनी वायूची चावी बंद करायला हात पुढे केला. पण कागद आता पाच-सहा मिनिटांत काळा पडेलच, पडू दे, मग नवा लावू, असं म्हणून ते स्टुलावर बसले. बाटलीतलं पाणी थेंबथेंब गळत होतं, त्याला लाइनची गरज नव्हती.

सहा मिनिटं झाली. कागद पांढरा. दहा झाली. रुपराव उठून जवळ गेले. नळी सुटली आहे का, चावी चोंदली आहे का, ते बघितलं. सगळं ठीक होतं. पंधरा मिनिटांनी त्यांनी ट्रान्सफॉर्मरची कळ वर-खाली करून बघितली. वीज नाही, आणि तरी वायू बाहेर येत नव्हता. मग त्याला खातंय कोण?

एकविसाव्या मिनिटाला कागदाची कड तांबूस झाली आणि बघता बघता कागद काळा पडला.

लाइन अजून आली नव्हती. रुपरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणी न सांगता प्रयोग केला. नवा कागद लावून त्याच न पुसलेल्या नळीतून पुन्हा वायू सोडला, सात मिनिटांत कागद काळा. मग डबा काढला, राखेनं नळी पुसली, जोडली, वायू सोडला. आठ मिनिटं झाली, दहा झाली, कागद शुभ्र. पुढं थांबायचा धीर त्यांना झाला नाही. त्यांनी चावी बंद केली आणि डबा कपाटात अगदी मागे ढकलला. बाई आल्यावर ते म्हणाले, "लाइन गेल्ती, बाई. आज काई जमलं नाई." हे मात्र खोटं होतं, आणि ते बोलताना त्यांना ते खोटं आहे हे ठाऊक होतं.

संध्याकाळी कामठी रोडच्या घरी ते ओट्यावर बसले. पंचफुला गोठा झाडून आली आणि टोपल्यातली राख ओल्या जमिनीवर भुरभुरू लागली. रुपराव बघत राहिले.

"हे काहून टाकतेस वं?"

"आज इचारून राहिले का?" पंचफुला हसली. "तीस वर्षं झाली टाकून राहिली. वास मरते ना राखेनं."

रुपरावांनी कपाळाला हात लावला. पाच वर्षं एक शिकलेली बाई, एक डॉक्टर झालेले सर आणि स्वतः ते, तिघं मिळून जे शोधत होते, ते त्यांच्या गोठ्यात रोज संध्याकाळी होत होतं. त्यांनी पंचफुलाला सगळं सांगितलं. वीज थोडंच काम करत होती, बाकी सगळं राख करत होती. सकाळचा नुसता वायू जायचा तो आदल्या दिवशीच्या, राखेचा जोर संपलेल्या नळीतून, म्हणून कोणाला कळलं नाही. बाईंचा प्रबंध राखेवर उभा होता, आणि राख त्यांनी घातली होती.

पंचफुलानं रिकामं टोपलं भिंतीशी पालथं घातलं. मग म्हणाली, "कोनाले माहीत आहे?"

"कोनालेच नाई. मलेच."

"मंग तुमाले झोप लागन का?"

"बाईची पाच वर्सं जातीन वं. सर मार्चमंदी चालले. बाईले मी कोन्या तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं वीज हात ओळखते म्हून सांगतलं, त्याच," पंचफुला म्हणाली आणि स्वयंपाकाला गेली. ती नेहमी अशीच बोलायची. त्या दिवशी मात्र रुपरावांना राग आला नाही.

तरी तीन दिवस गेले. या तीन दिवसांत रुपरावांनी राख न लावता नळी पुसून बघितली, मग बाईंचा उतरलेला चेहरा बघवेना म्हणून पुन्हा राख लावली, आणि मग चोवीस मिनिटं झाल्यावर खुश होणाऱ्या बाईंकडे तर त्यांना मुळीच बघवेना. शनिवारी दुपारी बाई प्रबंधाची टाइप झालेली पानं तपासत बसल्या होत्या. रुपराव डबा घेऊन समोर उभे राहिले.

"बाई, मले एक सांगाचं आहे."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि सांगितलं. लाइन गेल्यापासून गोठ्यापर्यंत, काही न लपवता. बाईंना आधी काही कळेचना.

"राख?" त्या म्हणाल्या. "तुम्ही नळीला राख लावत होता? मी विचारलं होतं तुम्हाला."

"मी सांगतलं कोरड्या फडक्यानं."

"मग राख का नाही सांगितली?"

"राखेबिगर काच पुसते का कोनी, बाई?" रुपराव काकुळतीनं म्हणाले. 

बाई उठल्या. त्यांनी स्वतः नळी पुसली, राख लावून, वीज न लावता. एकवीस मिनिटं. मग स्पिरिटनं पुसून, वाळवून, वीज लावून. नऊ मिनिटं. दोन्ही वेळा त्या घड्याळाकडे बघत उभ्या होत्या आणि रुपराव त्यांच्याकडे. शेवटी त्या स्टुलावर बसल्या, चष्मा काढला आणि रडल्या. आवाज न करता, पण भरपूर. रुपरावांना वाटलं, बाईंनी आपल्याला चार शब्द बोलावेत, म्हणजे निदान मोकळं होईल.

"रागवा ना, बाई," ते म्हणाले.

"आला होता राग," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण कुणावर काढू? लहानपणी आमच्या घरच्या कंदिलाच्या काचा मीच पुसायचे, आणि राखेनंच. तुम्ही कोरडं फडकं म्हणालात तेव्हा मला कळायला हवं होतं. आणि राखेत क्षार असतो, तो हा वायू धरून ठेवतो, हे तर मी पोरांना वर्गात शिकवते."

मग ती दोघं घाटेसरांच्या खोलीत गेली. सर आकडे बघत गेले, एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. निवृत्तीला तीन महिने राहिलेले, शेवटची विद्यार्थिनी, शेवटचा प्रबंध. खोटं कशाला, त्या घटकेला तेही माणूस होते. कागद उलटे ठेवत ते हळूच म्हणाले, "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, रुपरावांना आणि त्यांच्या बायकोला," बाई म्हणाल्या.

 सर त्या उलट्या कागदांच्या कडा जुळवत बसले. बाई जमिनीकडे बघत होत्या, आणि रुपरावांना दिसलं की त्या वाट बघताहेत. सर काय म्हणतात याची वाट बघताहेत, आणि सर झाकून टाका म्हणाले तर आपण काय करू हे त्यांनाही ठाऊक नाही. त्या खोलीत रुपराव सव्वीस वर्षांत चहा आणि फायली घेऊन गेले होते, मत घेऊन कधी गेले नव्हते.

"अन् आता तुमाले, सर," ते म्हणाले.

सरांनी वर बघितलं. रुपरावांना वाटलं, आता आपली नोकरी गेली. पण सरांनी नुसती मान हलवली, दोनतीनदा, स्वतःशीच काही कबूल केल्यासारखी.

"टायपिस्टला निरोप पाठवा," ते बाईंना म्हणाले. "काम थांबव म्हणावं. आणि रुपराव, बसा."

रुपराव बसले नाहीत, पण सर बसा म्हणाले हे त्यांनी घरी सांगितलं, एकदाच, आणि भर न घालता.

मार्चमध्ये सर निवृत्त झाले. बाईंनी जबलपूरच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं, त्यांनी हो म्हणायला जून उजाडला. नव्यानं नाव नोंदवावं लागलं. आणखी दोन वर्षं, कदाचित तीन. विभागात कुजबुज झाली, बाईंचे आकडे चुकले म्हणून. कोणाच्या हातून चुकले ते बाईंनी कोणाला सांगितलं नाही. रुपरावांनी मात्र विचारेल त्याला सांगितलं, आणि न विचारणाऱ्यालाही. कोणी म्हणे, काय गा रुपराव, बाईले बुडवलं. ते म्हणत, हो गा, बुडवलं. पण ते तीन दिवस लपवून काढण्यापेक्षा हे ऐकून घेणं त्यांना सोपं वाटे.

नवे प्रयोग ऑगस्टात सुरू झाले. नळी आता ऊर्ध्वपातित पाण्यानं धुवायची, भट्टीत दोन तास सुकवायची, थंड करायची, आणि नुसता वायू असो की वीज, दोन्ही वेळा तितकीच स्वच्छ. पहिल्या दिवशी रुपरावांनी नळी धुतली. वीज नसताना सहा मिनिटं, वीज लावून नऊ. रुपरावांची मान खाली गेली.

"चोवीसचे नऊ झाले, बाई."

"नऊ नाही," बाई वहीत लिहीत म्हणाल्या. "सहा तर अशीही होती. विजेची तीन मिनिटं."

"तीनच?"

"तीनच. खरी असली तर पुरे आहेत, यावरून पुढे जाता येतं. पण खरी आहेत का, ते अजून ठरायचं आहे." त्या थांबल्या. सांगावं की नाही असं त्यांना झालेलं दिसलं. "उद्या नळी मी धुणार आहे, रुपराव. तुम्ही कशालाच हात लावायचा नाही."

रुपरावांना ते लागलं. त्या नळीला दुसऱ्याचा हात लागला की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. पण ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाई नळी धूत असताना, सुकवत असताना, जोडत असताना ते भिंतीशी हात मागे बांधून उभे राहिले. बाईंचं धुणं त्यांना पसंत नव्हतं. एका टोकाला बोटाचा ठसा राहिला होता, तो त्यांना इथूनही दिसत होता. ते गप्प बसले. बाईंनी नुसता वायू सोडला, सहा मिनिटं. पुन्हा नळी धुतली, पुन्हा सुकवली, तोवर दुपार टळली. मग खिडक्या लावल्या आणि कळ दाबली. जांभळा उजेड पसरला.

"वेळ तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "मी कागद बघते."

सहा मिनिटं झाली तेव्हा रुपरावांच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात देवाला काहीतरी मागत आहोत, आणि ते चोवीस नाही. सात झाली. आठ झाली. बाई कागदावर वाकल्या होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"पडला," बाई म्हणाल्या. "किती?"

रुपरावांनी काटा नीट बघितला, मग पुन्हा बघितला.

"नऊ, बाई. बरोब्बर नऊ."

बाईंनी खिडकी उघडली आणि त्यांच्याकडे वळून बघितलं. रुपराव अजून हात मागेच बांधून उभे होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं तरी पुसायला त्यांनी हात पुढे केले नाहीत. आपल्या हाताशिवाय काम झालं याचा एवढा आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता.